कोकणात मातीशिवाय, नुसत्या तुषारांवर भाजी होते का? थेंब किती बारीक याने फरक पडतो? घरचे म्हणतात हे निसर्गाविरुद्ध आहे

होते. याला एरोपोनिक्स म्हणतात: बंद पेटीत मुळं हवेत लोंबतात आणि पंप त्यांच्यावर तुषार मारतो. मी गुहागरजवळ करतोय, तीन वर्षं झाली. पण ते 'निसर्गाविरुद्ध' वाचलं आणि डोकं फिरलं, कारण हेच आमचे मोठे काका मला सगळ्यांसमोर बोललेत.

पहिल्याच जूनमध्ये वादळी पाऊस झाला, रात्री अकराला लाईट गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही, इन्व्हर्टर घराला होता, पंपाला नव्हता. सकाळी पेटीचं झाकण उचललं तर आदल्या दिवशी कापसासारखी पांढरी असलेली मुळं चहाच्या रंगाची होऊन एकमेकांना चिकटलेली, वर दोनशे लेट्युस माना टाकून. काका दारातूनच म्हणाले, "माती सोडलीस ना, मग असंच व्हायचं." तेव्हा गप्प बसलो, आता बोलतो.

आमच्याच फणसावर सीतेची वेणी, म्हणजे झाडावर वाढणारं ऑर्किड आहे. तिची मुळं हवेत लोंबतात, वरून पांढरट स्पंजासारखं आवरण, पावसाची सर आली की ते पाणी पितं आणि मुळं हिरवी दिसायला लागतात. कुठाय तिथे माती? फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने मुळं हवेत ठेवून वाढवण्याला एरोपोनिक्स हे नाव दिलं १९५७ ला, फणसावर ते त्याच्या कितीतरी आधीपासून चालूय!

थेंबाचं म्हणाल तर फरक पडतोच. अळवाच्या पानावर पाणी कसं मोती होऊन घरंगळतं बघा, थेंब जड झाला की थांबत नाही. मुळांवर जाड थेंब मारलेत तर बरंचसं ओघळून जातं आणि उरलेल्याने मुळं चिंब राहतात, हवा मिळत नाही. साधारण ५० मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धुकं असलं की पातळ ओल धरते आणि हवाही खेळते. त्याहून खूपच बारीक केलंत तर मुळांना नुसती लव फुटते, फाटे फुटत नाहीत. म्हणून पाच-सहा बार दाबाचा पंप घ्या, कूलरचा नको.

किनाऱ्यावरच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर नोझल तुंबतात, मी पागोळ्यांचं साठवतो. हो, आणि उन्हाळ्यात टाकी तापली की मुळं कुजतात, ती सावलीत जमिनीत पुरा. भात-नारळाला हे नाही, पालेभाजीला बरं. आणि पंपाला बॅटरी नसेल तर सुरूच करू नका.

घरच्यांना आधी झाडावरची मुळं दाखवा, पेटी नंतर. मी काकांना आधी पेटी दाखवली होती.