स्ट्रोकनंतर किती नुकसान होणार, हे मेंदूच्या स्कॅनवरून आधी सांगता येतं का?

तुम्ही विचारलंय की वडील ६४ वर्षांचे, परवा रात्री उजवा हात-पाय गेला, बोलणं अडलं, पुण्यात ॲडमिट आहेत. पहिला सीटी ‘नॉर्मल’ आला आणि काल एमआरआयमध्ये डावीकडे मोठा डाग निघाला. मग आता फिल्म बघून कोणी सांगेल का, हात परत येईल की नाही?

मेंदूचा किती भाग मेला हे स्कॅन बऱ्यापैकी सांगतो. हात किती परत येईल हे मात्र त्याहून बरंच कमी सांगतो.

आधी त्या ‘नॉर्मल’ सीटीचं. पहिल्या काही तासांत सीटी करतात तो मुख्यतः रक्तस्राव नाही ना, हे बघायला. गुठळीमुळे झालेला बदल तेव्हा फार पुसट असतो, त्यामुळे कुणाची चूक झाली असं लगेच धरू नका. तो पुसट बदल मोजायला ॲस्पेक्ट्स नावाची पद्धत आहे (२०००, कॅलगरी). मेंदूच्या मधल्या धमनीच्या प्रदेशाचे दहा भाग पाडायचे आणि बिघडलेल्या प्रत्येक भागाला दहातून एक गुण वजा करायचा. गुण जितके कमी, तितका आधीच मेलेला भाग मोठा.

एमआरआयमधला पांढरा डाग डिफ्यूजनचा, म्हणजे मेंदूतल्या पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या चित्रातला. रक्त थांबलं की पेशींचे पंप बंद पडतात, पाणी पेशीत शिरून अडकतं आणि तिथे चित्र पांढरं दिसतं. पण नुसत्या पांढऱ्यावर विश्वास ठेवू नये. त्याच जागी एडीसीच्या (पाण्याची हालचाल मोजून काढलेल्या जोडीच्या) चित्रात काळं दिसलं तरच घाव ताजा. तिथे काळं नसेल तर तो जुना डागही असू शकतो. आठवडा-दहा दिवसांनी एडीसी पुन्हा नेहमीसारखा दिसू लागतो. तेव्हा ‘बरं झालं’ म्हणून पेढे वाटू नका, मेलेला भाग मेलेलाच असतो.

परफ्यूजन स्कॅनबद्दल (शिरेतून डाय देऊन मेंदूतला रक्तप्रवाह मोजणारा स्कॅन) तुम्ही वाचलं असेल. रक्तप्रवाह नेहमीच्या ३० टक्क्यांखाली गेलेला भाग मेलेला धरतात आणि जिथे रक्त सहा सेकंदांहून उशिरा पोचतं तो धोक्यातला. या दोन्हींतला फरक म्हणजे वाचवता येण्यासारखा भाग. लक्ष्मी रस्ता तुंबला की रिक्षा बोळाबोळांतून वाट काढतात, तसं आजूबाजूच्या बारीक धमन्यांतून रक्त येत राहतं, आणि हे बोळ ज्याचे रुंद त्याच्या हातात जास्त वेळ असतो. २०१८च्या दोन चाचण्यांनंतर याच हिशोबाने निवडक पेशंटची गुठळी १६ ते २४ तासांपर्यंत काढू लागले. यातही फसगत होते. हृदय अशक्त असेल तर डाय उशिरा पोचतो, मान-धमनी अरुंद असेल तर त्या बाजूचा मेंदू विनाकारण धोक्यातला दिसतो, आणि फार लवकर केलेल्या स्कॅनमध्ये मेलेला दाखवलेला भाग नंतर जिवंत निघतो. दोन दिवसांनी मात्र हा हिशोब तुमच्या कामाचा उरत नाही.

कामाचं आहे ते डागाचं आकारमान आणि जागा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून दोनने भागा: ६ × ४ × ५ भागिले २, म्हणजे ६० मिली. वेड्यावाकड्या डागात हा आकडा थोडा जास्तच येतो. पहिल्या १४ तासांतच डिफ्यूजनचा डाग १४५ मिलीच्या वर गेला असेल तर जीवघेण्या सुजेची भीती असते. सूज साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवशी शिखरावर जाते. वडिलांची गुंगी वाढतेय असं वाटलं तर राउंडची वाट न बघता त्याच क्षणी सिस्टरला सांगा, कारण कवटी उघडून दाब कमी करायचा तर ४८ तासांच्या आत केल्याचाच पुरावा सर्वात भक्कम आहे. (तरुण मेंदूला कवटीत जागा कमी असते, त्यामुळे सुजेचा धोका त्यांना जास्त, म्हातारपणी आकसलेला मेंदू इथे तेवढा फायद्याचा.)

आता जागा. हाता-पायाकडे जाणाऱ्या तंतूंची जुडी इंटर्नल कॅप्सूल नावाच्या मेंदूतल्या खोलवरच्या अरुंद पट्ट्याच्या मागच्या भागातून जाते. तिथे एक सेंटिमीटरचा डाग अख्खा हात लुळा पाडू शकतो, आणि कपाळाकडच्या भागातला लिंबाएवढा डाग हाताला जवळजवळ धक्काही लावत नाही. म्हणून ‘डाग केवढा?’ याआधी ‘जुडी कापली गेलीय का, की बाजूने गेलीय?’ असं डॉक्टरांना विचारा.

उद्या तिसरा दिवस. उजवा खांदा बाजूला उचलता येतो का आणि बोटं उघडता येतात का, हे फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. दोन्हींची ताकद ० ते ५ अशी मोजून बेरीज करतात. बेरीज ५ किंवा जास्त आणि वय ८०च्या आत असेल तर हाताचा अंदाज उत्तम. हा हिशोब न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संशोधकांच्या गटाचा. त्यांच्या मूळ पद्धतीत शेवटची पायरी एमआरआयची होती. २०१७च्या सुधारित पद्धतीत त्यांनी ती काढून तिथे स्ट्रोकच्या तीव्रतेचा साधा गुणांक घातला, कारण त्याने अंदाज तितकाच चांगला येत होता. बेरीज कमी आली तर हात गेला असं नाही. मग डोक्याबाहेरून मेंदूला दिलेल्या चुंबकीय उत्तेजनाने हाताच्या स्नायूत हालचालीचा संदेश पोचतो का ते बघतात, पण ही सोय सगळीकडे नसते.

वाचेचा अंदाज स्कॅनवरून याहून कच्चा असतो. तिथे मी कुणाच्याही छातीठोक उत्तरावर भरवसा ठेवणार नाही.

आणि दुसरं मत घ्यायचं असेल तर रेडिओलॉजीतून सीडी मागून घ्या. खिडकीला लावलेल्या फिल्मचा व्हॉट्सॲपवरचा फोटो चालत नाही, त्यात एडीसीचं काळं आणि सावलीचं काळं वेगळं ओळखू येत नाही.