आजोबांच्या आठवणींच्या इंग्रजी पुस्तकाला गॅरामाँड फॉन्ट चालेल का, की जुनाट दिसेल?

चालेल, पण छापणार कशावर ते आधी सांगा. 80 पानांचं पुस्तक म्हणता, शंभरेक कॉप्या. माझं यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान आहे, दिवसभर लग्नपत्रिका नाहीतर कृषी केंद्राची बिलबुकं, इंग्रजी पुस्तक वर्षातून एखादं येते, तरी या फॉन्टचा मार खाल्लेला आहे म्हणून लिहून राहिलो.

मागे एका शाळेच्या वार्षिकांकाचे इंग्रजी लेख मी हौसेनं गॅरामाँडमध्ये लावले, 11 पॉइंट. स्क्रीनवर मस्त. पण पैसे वाचवायला त्यांनी झेरॉक्सवर काढलं आणि अक्षराच्या बारीक रेघा उडाल्या, e ची आडवी दांडी तर अर्ध्या ठिकाणी गायबच. सर म्हणाले, "काहून एवढं बारीक केलं बाप्पा, मले चष्म्यातूनबी दिसून नाही राह्यलं." चूक माझीच होती. या फॉन्टची छोटी अक्षरं कॅपिटलच्या मानानं बुटकी असतात, त्यामुळे त्याच पॉइंटला टाइम्सपेक्षा लहान दिसते. तुम्ही 12 च्या खाली जाऊच नका, आणि बाजूला मराठी मजकूर असेल तर दोन्हीचा प्रिंट काढून डोळ्यानं जुळवा, पॉइंटचा आकडा बघून नाही.

जुनाट म्हणणाऱ्याला एकदा o मोठा करून दाखवा. त्याला घड्याळ समजा, रेघ सगळ्यात पातळ कुठं होते तर 11 आणि 5 च्या जवळ, म्हणजे अक्षर थोडं कललेलं आहे, रुंद टोकाचा टाक तिरका धरून लिहिल्यासारखं. दांडीच्या टोकाचे छोटे पायही (सेरिफ) सरळ कापलेले नाहीत, दांडीतून वळण घेऊन निघतात. जाड-बारीकचा फरक कमी, म्हणून पानभर वाचलं तरी डोळा थकत नाही. बोडोनी नावाच्या फॉन्टात o सरळ उभा असतो आणि फरक भयंकर, तो मथळ्यालाच ठेवा.

अजून एक गंमत, वर्डमधला गॅरामाँड मुळात गॅरामाँडचा नाहीच. खरा क्लोद गॅरामाँड पॅरिसचा, छपाईची अक्षरं कोरणारा, 1561 ला वारला. वर्डमधला आला झाँ जानों या दुसऱ्या फ्रेंच कारागिराच्या 17व्या शतकातल्या अक्षरांवरून, हा घोळ 1926 मध्ये छपाईच्या अभ्यासक बिॲट्रिस वॉर्ड यांनी उघड केला. असली वळण पाहिजे तर ईबी गॅरामाँड घ्या, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे.

ऑफसेटवर मॅपलिथो (बिनचकाकीच्या) कागदाला छापत असाल तर बिनधास्त तोच. झेरॉक्सच करायचं असेल तर लिब्रे कॅस्लॉन टेक्स्ट घ्या, तोही जुन्या घरचाच पण अंगानं भरलेला, तोही फुकट. आकडे मात्र बघून घ्या, जुन्या पद्धतीचे आकडे असतात त्यात 3, 4, 5, 7, 9 ओळीखाली लोंबतात. मजकुरात 1947 छान दिसते, पण मागे देणगीदारांची यादी टाकणार असाल तर तिथं एका उंचीचे आकडे लावा, नाहीतर कोणी ना कोणी रक्कम वाकडी छापली म्हणून भांडायला येतेच.