बीसीए झालंय, नाशिकमध्ये शाळेत कॉम्प्युटर शिक्षक व्हायचं तर बीएड लागतं का?

कायम नोकरी हवी असेल तर हो, बीएड करूनच टाका. कोर्स 2 वर्षांचा आहे. राज्याची बीएड सीईटी द्यावी लागते आणि खुल्या गटाला पदवीला 50 टक्के लागतात. नाशिकमधली बीएड कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. गंगापूर धरणाच्या रस्त्यावरच्या मुक्त विद्यापीठाचं बीएड मात्र आधीच शिक्षक म्हणून काम करणाऱ्यांसाठी आहे. नवख्यांनी तिकडे हेलपाटा मारू नये.

अनुदानित शाळेतली भरती टेट (TAIT, शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) आणि राज्याच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून होते. खरं सांगायचं तर तिथे नुसत्या कॉम्प्युटरवर भिस्त ठेवू नका, म्हणून बीएडला दुसरी अध्यापन पद्धती (म्हणजे शिकवायचा विषय) गणित घ्या, कॉलेज देत असेल तर. इंग्रजी माध्यमाच्या सीबीएसई शाळांत संधी जास्त. अकरावी-बारावीला पायथॉन आणि एसक्यूएल शिकवावं लागतं, पण त्या वर्गांना सहसा पदव्युत्तर पदवी मागतात, त्यामुळे पुढे एमसीए किंवा एमएस्सी डोक्यात असू द्या.

मुलाखतीत डेमो लेक्चर घेतात. फळ्यावर लूप समजावता येतो का, ते आत्ताच घरातल्या एखाद्या सातवीतल्या पोरावर करून बघा. कारण शाळेच्या लॅबमध्ये लाइट कधीही जाते!