वाचकांचे प्रश्न : कटावरचं तेल आणि ॲपमधले आकडे

प्रश्न : कामासाठी मिरज, विटा, तासगाव असं सतत फिरणं असतं. आठवड्यातून चारदा तरी नाश्त्याला मिसळ होते. मोबाइलमधलं एक ॲप मिसळीला ३५० कॅलरी दाखवतं, दुसरं ७००. खरं कुठलं मानायचं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कदाचित दोन्ही. एकानं पाव धरले नसतील, दुसऱ्यानं पावासकट तर्रीही (वर तरंगणारं लाल तेल) धरली असेल. ॲप बाजूला ठेवा आणि मिसळ सुटी करून बघा. उसळीत साधारण ३० ग्रॅम कोरडी मटकी असते, तिच्या १०० कॅलरी. मूठभर फरसाण ३५ ग्रॅमच्या आसपास भरतं, त्याच्या १८० ते १९०. पावाची जोडी २२० ते २४०. एवढ्यातच पाचशे झाले. हॉटेल बदललं तरी हा आकडा फार हलत नाही. हलतो तो कट, म्हणजे मिसळीवर ओततात तो तिखट रस्सा.

तेल कुठलंही असो, १ ग्रॅमला ९ कॅलरी. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली तेल, ४० कॅलरींचं. आता प्रश्न एवढाच की कटात असे किती चमचे आहेत. नेहमीच्या हॉटेलातून एकदा कट वेगळा पार्सल आणा. (टेबलावर पट्टी काढून बसलात तर वाढपी मालकाला बोलावेल.) तुम्हाला एका वेळी मिळतो तेवढाच कट गरम करून सरळ उभ्या ग्लासात ओता आणि न हलवता पाचेक मिनिटं ठेवा. लाल थर वर येईल. आतून ६ सेंमी रुंद असलेल्या ग्लासात १ सेंमी जाडीचा थर म्हणजे २८ मिली तेल, वजनात २६ ग्रॅम, जवळपास २३० कॅलरी. अर्धा सेंमी असेल तर ११५. त्यात आणखी एक-दीड चमचा धरा, कारण कांदा-खोबऱ्याच्या वाटणात अडकलेलं तेल वर येतच नाही.

हिशोब चुकतो तो तीन ठिकाणी. एक, डाव वरून फिरवला तर तर्री येते, तळातून घातला तर रस्सा. त्यामुळे त्याच हॉटेलातल्या दोन वाट्यांतही शंभर कॅलरींचा फरक पडतो. दोन, वरून मागितलेला कट. त्याचे पैसे लागत नाहीत म्हणून तो कुणी मोजत नाही. तीन, पाव. चमच्यानं खाल्लंत तर बरंच तेल वाटीच्या कडेला राहतं, आणि राहिलेलं तेल मोजायचं नाही. पावानं वाटी पुसलीत तर सगळं पोटात. तेव्हा ‘तर्री कमी द्या’ एवढं सांगून पाव एकच घेतलात, तरी दोनशेच्या वर कॅलरी वाचतात. मटकी कमी करून काहीच हाती लागत नाही.

प्रश्न : इस्लामपूर-कराड भागात जेवायला थांबलो की अख्खा मसूर आणि रोटी घेतो. शेवटी डाळच ती, हलकीच ना? (एक वाचक, कराड)

उत्तर : मसूर हलकाच, फोडणी नाही. शिजलेल्या मसुराला १०० ग्रॅममागे ११५-१२० कॅलरी. दीडशे ग्रॅमची वाटी पावणेदोनशेची. त्यावर तेलाचे तीन मोठे चमचे (प्रत्येकी १५ मिली) पडले असतील तर नुसत्या तेलाच्याच ३६० होतात. प्लेट तिरकी धरून बघा, कडेला साचतं ते तेल. प्लेट दोघांत असेल तर अर्धं धरा.

रोटीचा अंदाज मात्र बहुतेकांचा कमी निघतो. घरच्या चपातीला ३० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे १०० कॅलरी. तंदूरच्या रोटीला सहज दुप्पट. घरी एकदा ६० ग्रॅम पिठाचा गोळा करून हातात घ्या, म्हणजे पुढं नजरेलाच कळतं. वरचा १० ग्रॅम बटरचा गोळा आणखी ७२ कॅलरींचा, आणि तो सांगितल्याशिवाय चुकत नाही. ज्वारीची भाकरी घेतलीत तरी पीठ ७०-८० ग्रॅम असतंच. तिच्यावर तेल-बटर नसतं, हाच काय तो फायदा.

प्रश्न : कंदी पेढा एक खाल्ला तर किती? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पाव किलोत किती नग बसले ते मोजा. बारा असतील तर एक पेढा २१ ग्रॅमचा. पेढ्याला १ ग्रॅममागे ४ कॅलरी धरा, म्हणजे ८० ते ८५. खरी अडचण अशी की पुडा उघडा राहतो.

प्रश्न : संध्याकाळी भडंग खातो. चिरमुरे तर हवाच असतात, तरी वजन का उतरत नाही? (एक वाचक, माधवनगर)

उत्तर : चिरमुरे मापाला हलके, वजनाला नाहीत. वाटीभर चिरमुरे जेमतेम १०-१२ ग्रॅम भरतात, म्हणून चाळीसेक कॅलरी. भडंगाला तेल आणि शेंगदाणे लागतात, आणि शेंगदाण्याला १०० ग्रॅममागे ५६० कॅलरी. पाकिटावरचा आकडा बहुधा १०० ग्रॅमचा असतो, पाकीट २०० ग्रॅमचं. वाटीत काढून खा.

प्रश्न : काही हॉटेलांच्या मेनूवर कॅलरी छापलेल्या असतात, आमच्याकडे का नाही? (एक वाचक, वाई)

उत्तर : २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार हे बंधन केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा आणि त्याहून जास्त ठिकाणी चालणाऱ्या हॉटेलांना आहे. एकाच गावातल्या खानावळीला सहसा नाही. छापील आकडाही ठरलेल्या मापाचा असतो, वर मागवलेल्या चीजचा किंवा सॉसचा नाही.

प्रश्न : रात्री बाहेर जेवलं की सकाळी वजन किलोभर जास्त दिसतं. एवढ्या कॅलरी एका जेवणात? (एक वाचक, फलटण)

उत्तर : नाही. किलोभर चरबीला साधारण ७,७०० कॅलरी जादा लागतात. ते पाणी असतं : रश्शातलं मीठ आणि भात-रोटीतल्या पिष्टापासून होऊन अंगात साठणारी साखर, दोन्ही पाणी धरून ठेवतात. शिवाय पोटातलं जेवण पुढं सरकलेलं नसतं. दोन-तीन दिवसांनी सकाळी, रिकाम्या पोटी पुन्हा बघा. दोन-तीन आठवडे आकडा चढताच राहिला, तर कटातल्या तेलाचा अंदाज वाढवा.