जुनं डिझाइन सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल होत नाही, सेटअपची फाइल मागतं. फोल्डर उडवू की फॉरमॅट मारू?

तुमचा प्रश्न असा: विंडोज १० च्या मशीनवर २०१३ चं डिझाइन आणि कॅमचं (म्हणजे सीएनसी मशीनचा प्रोग्राम बनवणारं) पॅकेज आहे. नवीन व्हर्जन बसवायच्या आधी ते काढायचंय. कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल दाबलं की हिरवी पट्टी थोडी सरकते आणि मग खिडकी येते, की इन्स्टॉलेशनची फाइल सापडत नाही, ती कुठे आहे ते दाखवा. खाली ई ड्राइव्हचा पत्ता, आणि तुमच्याकडे ई ड्राइव्हच नाही. हार्डवेअरवाला म्हणतो फॉरमॅट मारा, मित्र म्हणतो प्रोग्राम फाइल्समधला फोल्डर डिलीट करून मोकळा हो.

दोन्ही नको. निदान आज तरी नको.

पॅकेजचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, आणि इथे त्याची गरजही नाही. अकरा वर्षं मी वर्कशॉपवाल्यांचे कॉम्प्युटर बघतोय. हा रोग कुठल्या एका कंपनीचा नाही, तो विंडोज इन्स्टॉलरच्या कामाच्या पद्धतीतून येतो. तो तुमचं सॉफ्टवेअर बसवताना एक वही ठेवतो: कुठली फाइल कुठे टाकली, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) काय लिहिलं, कुठली सर्व्हिस (मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम) चालू केली. काढायची वेळ आली की ती वही उलटी वाचत जातो. ही वही म्हणजे सेटअपमधली एमएसआय फाइल. तिची एक प्रत सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये, इन्स्टॉलर नावाच्या लपवलेल्या फोल्डरात जाते. आत फाइलींची नावं आकडे-अक्षरांची, काही बोध न होणारी. ती प्रत गायब असेल तर इन्स्टॉलर मूळ सेटअप शोधायला निघतो, म्हणजे ज्या डीव्हीडीवरून किंवा पेनड्राइव्हवरून तेव्हा बसवलं तिकडे. तुमचा ई ड्राइव्ह तो हाच. मशीनला तेव्हा डीव्हीडी ड्राइव्ह असणार.

मग प्रत गेली कुठे? नव्वद टक्के वेळा कुणीतरी जागा करायला तो फोल्डर साफ केलेला असतो. भोसरीतल्या एका टूलरूममध्ये मी हे डोळ्यांनी बघितलंय. १२० जीबीची एसएसडी, सी ड्राइव्ह लाल झालेला. तिथल्या एका पोराने जागा खाणारे फोल्डर शोधले, इन्स्टॉलर १४ जीबीचा निघाला, त्याने आतलं सगळं उडवलं. मशीन पळायला लागलं, मालकांनी त्याला चहा-वडापाव दिला. आठ महिन्यांनी जुनं कॅम काढायला मला बोलावलं तेव्हा तुमच्यासारखीच खिडकी समोर आली. तोवर त्या पोराने नोकरी सोडली होती, नाहीतर वडापाव वसूल केला असता.

काढण्याआधी दोन कामं करा, कारण नंतर ती करता येत नाहीत.

पहिलं लायसन. सॉफ्टवेअर अजून उघडत असेल तर उघडा आणि हेल्प मेन्यूत किंवा सोबतच्या लायसन मॅनेजरमध्ये डिॲक्टिव्हेट, रिटर्न, ट्रान्सफर असं काही आहे का बघा. कायमचं विकत घेतलेलं जुनं लायसन बहुतेक वेळा त्या मशीनच्या नेटवर्क कार्डाला किंवा डिस्कच्या नंबराला बांधलेलं असतं. ते परत न करता फॉरमॅट मारलं, तर कंपनीच्या नोंदीत ते त्या मशीनवरच अडकून राहतं. मग मेलामेली, बिल शोधा, डीलर गाठा, आणि डीलरने धंदा बंद केलेला असतो. डोंगल (यूएसबीत लावायची लायसनची चावी) असेल तर ही चिंता नाही, फक्त तो जपून ठेवा. फॉरमॅटला माझा विरोध आहे तो मुख्यतः यासाठी.

दुसरं, तुमच्या स्वतःच्या फाइली. ड्रॉइंग तर तुम्ही घ्यालच. पण टायटल ब्लॉक, टूल लायब्ररी, मॅक्रो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोस्ट प्रोसेसर (कॅमचं काम तुमच्या मशीनच्या भाषेत उतरवणारी फाइल), हे पुष्कळदा प्रोग्राम फाइल्समध्येच पडलेलं असतं. इथे एक गंमत आहे, तिने मला एकदा रडवलंय. तुम्ही नवीन नावाने ठेवलेली फाइल इन्स्टॉलरच्या वहीत नसते, म्हणून तो तिला हात लावत नाही. पण त्याच्याच फाइलीत तुम्ही बदल केला असेल, तर तो तिला आपलीच समजून काढून टाकतो. त्या टूलरूममधल्या व्हीएमसीची (सीएनसी मिलिंग मशीनची) पोस्ट जुन्या प्रोग्रामरने मूळ फाइलीतच सुधारली होती. टूल बदलताना झेड आधी वर न्यायचा, कूलंट कधी बंद करायचा, असलं दहा वर्षांचं शहाणपण तीस-चाळीस ओळींत. मी बॅकअप घेतला होता तो फक्त ड्रॉइंगचा. एका डेटा ड्राइव्हवर जुनी कॉपी सापडली म्हणून अब्रू वाचली. तेव्हा अख्खा फोल्डर आधी कॉपी करा, निवडत बसू नका.

आता काढायचं कसं. मूळ सेटअप हवा, आणि नेमका तोच. डीव्हीडी असेल तर बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणून सगळी हार्ड डिस्कवर कॉपी करा. डाउनलोड केलेला सेटअप असेल तर उघडा. तो बहुधा आतल्या फाइली एका फोल्डरात सोडतो. पुन्हा अनइन्स्टॉल दाबा, ती खिडकी आली की ब्राउज करून त्या फोल्डरातली तीच एमएसआय फाइल दाखवा. नाव जुळलं पाहिजे, आणि फाइलही त्याच सर्व्हिस पॅकची (कंपनीने नंतर काढलेल्या दुरुस्त्यांच्या संचाची) हवी. भोसरीत डीव्हीडी २०१३ चीच होती, पण मशीनवर नंतर सर्व्हिस पॅकसकटचा वेगळा सेटअप बसवलेला, म्हणून इन्स्टॉलर दाद देईना.

मार्ग शेवटी शेजारच्या टेबलावर निघाला. तिथल्या मशीनवर त्याच सेटअपमधून तेच पॅकेज बसवलेलं होतं आणि त्याचा इन्स्टॉलर फोल्डर शाबूत. त्यात डिटेल्स व्ह्यू लावून सब्जेक्ट हा कॉलम चालू केला की कुठली फाइल कुठल्या सॉफ्टवेअरची ते दिसतं. ती फाइल उचलली. आपल्या मशीनवर तिचं नाव काय होतं, ते रजिस्ट्रीत त्या प्रॉडक्टखाली लोकल पॅकेज या नोंदीत असतं. ते नाव देऊन ती आपल्या इन्स्टॉलर फोल्डरात ठेवली, आणि अनइन्स्टॉल सुरळीत झालं. एका मशीनच्या फाइली दुसऱ्यावर टाकू नका असं मायक्रोसॉफ्ट सांगतं, कारण नावं प्रत्येक मशीनवर वेगळी असतात. पॅकेज नेमकं तेच असेल तर चालतं, हा माझा अनुभव. रजिस्ट्रीत फक्त वाचा, काही बदलू नका.

सेटअपही नाही आणि शेजारी मशीनही नाही, अशी वेळ असेल तर मायक्रोसॉफ्टचं प्रोग्राम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर फुकट मिळतं. यादीतून सॉफ्टवेअर निवडायचं, तो त्याची नोंद रजिस्ट्रीतून काढतो. हा शेवटचा उपाय, कारण वही फाडली तरी फाइली आणि सर्व्हिस मागे राहू शकतात. त्या मग हाताने. याआधी विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप नावाचं असंच एक हत्यार होतं, ते दुसऱ्याच सॉफ्टवेअरची वाट लावायचं म्हणून २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने मागे घेतलं. जुन्या लेखांत त्याची लिंक दिसली तर तिकडे फिरकू नका. सेफ मोडमध्ये जाऊन काढा असा सल्लाही कुणी देईल, पण तिथे विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिसच चालू नसते, मग काढणार कोण?

पॅकेज गेल्यावर यादीत त्याची पिलावळ दिसेल. लायसनची सर्व्हिस आणि डोंगलचा ड्रायव्हर दुसरं कुठलं डिझाइन सॉफ्टवेअर वापरत नसेल तरच काढा. एसक्यूएल एक्सप्रेस (डेटाबेस) दिसलं तर आधी विचारा. अकाउंटवाल्यांचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालत असू शकतं. आणि व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या (अनेक सॉफ्टवेअरना लागणाऱ्या सामाईक फाइलींच्या) त्या आठ-दहा ओळी, २००८, २०१०, २०१२, यांना हातही लावू नका. एकसारख्या दिसतात म्हणून लोक त्या साफ करतात आणि दुसऱ्या दिवशी भलतंच काहीतरी उघडत नाही.

रीस्टार्ट करून नवीन सेटअप चालवा. तरीही तो जुनं आहे म्हणाला, तर टेम्प फोल्डरमध्ये एमएसआय अशा नावाने सुरू होणारी लॉग फाइल आहे का बघा. नोटपॅडमध्ये उघडून रिटर्न व्हॅल्यू ३ शोधा. खरं कारण त्याच्या चार-पाच ओळी वर असतं. त्या ओळी आणि पॅकेजचा सर्व्हिस पॅक कळवा, मग पुढचं बघू.