तारण, खंडणी आणि सोडवणे

विचारणा अशी आहे: उपासनेच्या पुस्तिकेत देवाच्या ‘रिडीमिंग लव्ह’ला मराठीत काय म्हणावे? ‘तारण’ म्हटले की सोनेतारण कर्ज आठवते आणि ‘मुक्त करणारे प्रेम’ पोकळ वाटते. मग नेमका शब्द कोणता?

आधी ‘तारण’चे बघू. शब्द दोन्हीकडे एकच, पण त्याच्याबरोबर येणारी क्रियापदे वेगळी आहेत आणि मराठी कान त्यांवरूनच अर्थ ओळखतो. दागिने तारण ठेवतात, जमीन तारण देतात, कर्ज विनातारण मिळते. माणसाचे मात्र तारण होते, त्याला तारण मिळते, तो तारण पावतो. त्यामुळे पूर्ण वाक्यात गोंधळ होत नाही. होतो तो मथळ्यात, जिथे ‘तारण’ हा शब्द एकटाच उभा असतो. तिथे ‘पापापासून तारण’ असे लिहावे. मत्तय १:२१ मध्येही येशू आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील, असेच आहे, आणि येशू या नावाचा मूळ हिब्रू अर्थ ‘परमेश्वर तारतो’ असा आहे. तारणे म्हणजे बुडणाऱ्याला वाचवणे. पण ‘रिडीम’ म्हणजे एवढेच नव्हे. आपले असलेले, पण हातचे गेलेले, मोल देऊन परत घेणे हा त्याचा गाभा आहे आणि तो ‘तारण’मध्ये नाही.

त्यासाठी मराठीत अगदी रोजचे क्रियापद आहे: सोडवणे. गहाण पडलेले शेत सोडवतात, दागिने सोडवतात. हिब्रूतला ‘गाअल’ हा धातू असाच व्यवहारातून आला आहे. लेवीय २५ चा नियम असा, की भाऊबंद कंगाल होऊन त्याने वतन विकले, तर जवळच्या आप्ताने ते सोडवावे. असा सोडवणारा आप्त म्हणजे ‘गोएल’. बायबलमधल्या रूथच्या पुस्तकात हा नियम पाळताना दिसतो. विधवा रूथच्या सासरचा आप्त बवाज बेथलेहेमच्या वेशीत बसतो, गावातल्या दहा वडीलधाऱ्यांना बसवून घेतो आणि त्याच्याहून जवळच्या आप्ताला आधी विचारतो. तो आप्त जमीन सोडवायला तयार होतो, पण जमिनीबरोबर रूथची जबाबदारीही येते हे कळताच, ‘माझ्या स्वतःच्या वतनाचे नुकसान होईल’ म्हणून मागे सरतो. हक्क सोडल्याची खूण म्हणून तो पायातले पायतण काढून देतो. मग बवाज वतन सोडवतो आणि रूथशी लग्न करतो.

या प्रसंगात सोडवणाऱ्याच्या तीन अटी दिसतात. तो नात्यातला हवा, त्याची ऐपत हवी आणि मुख्य म्हणजे त्याची इच्छा हवी. पहिल्या आप्ताकडे नाते होते आणि ऐपतही होती. अडले ते इच्छेवर. ख्रिस्ती विश्वास येशूच्या ठायी तिन्ही पाहतो. तो मानव होऊन रक्तामांसाचा आप्त झाला (इब्री २:१४), त्याने सोन्यारुप्याने नव्हे तर स्वतःच्या रक्ताने मोल दिले (१ पेत्र १:१८-१९), आणि प्राण कोणी हिरावला नाही, आपण होऊन दिला (योहान १०:१८). ‘मुक्त करणारे प्रेम’ पोकळ वाटते ते यामुळेच. त्यात नातेही नाही आणि मोलही नाही.

मोलासाठी मराठी पवित्र शास्त्रात ‘खंडणी’ आहे. मार्क १०:४५ मध्ये येशू आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून द्यायला आला आहे. मूळ ग्रीक शब्द ‘लुत्रोन’, म्हणजे गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्यासाठी भरायची रक्कम. जुन्या मराठीत खंडणी ही ठरवून भरायची रक्कम असे, तिथवर शब्द ठीक होता. आज मात्र खंडणी गुंड मागतात, त्यामुळे नवख्या वाचकाला देवच धमकावतो आहे असे वाटू शकते. उतारा जसाच्या तसा देत असाल तर शब्द राहू द्या. स्वतःच्या वाक्यात ‘सोडवणुकीचे मोल’ लिहा. हे मोल कोणाला दिले, यावर चर्चमध्ये शतकानुशतके वाद झाला. सैतानाला दिले, असे तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ओरिगेन मानत असे. चौथ्या शतकातला धर्मगुरू नाझियांझचा ग्रेगरी ते साफ नाकारतो. रूपक त्या टोकापर्यंत ताणू नये, हे माझेही मत. निर्गम ६:६ मध्ये देव इस्राएलाला मिसरातून सोडवतो तेव्हा ‘गाअल’च आहे, पण फारोला, म्हणजे मिसरच्या राजाला, कोणी एक कवडीही देत नाही.

आता प्रेमाकडे. स्तोत्र १३६ च्या २६ ही वचनांत ‘त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद आहे. ही दया म्हणजे हिब्रू ‘हेसेद’. दया कोणत्याही गरजूवर करता येते. हेसेद मात्र बहुधा नात्यातला किंवा करारातला असतो आणि समोरचा चुकला तरी मागे घेतला जात नाही. मराठीत शब्दाला जागणे म्हणतात, त्याच्या हा फार जवळचा. पुस्तिकेसाठी माझी पसंती म्हणूनच ‘सोडवून घेणारी, शब्दाला जागणारी प्रीती’ याला. ‘प्रीती’ अशासाठी की ‘देव प्रीती आहे’ हे वचन मंडळीच्या तोंडी बसलेले आहे.

देवाच्या एकनिष्ठेला ‘विश्वासूपणा’ लिहितात, पण ‘विश्वासू’ म्हटले की जुना नोकर आठवतो. ‘देव विश्वसनीय आहे’ हे अधिक नीट. २ तीमथ्य २:१३ मध्येही, आपण अविश्वासी झालो तरी तो विश्वसनीय राहतो, असे आहे. बोलण्यात ‘इमान’ही चालेल. तो अरबीतून आलेला शब्द आणि हिब्रूतला ‘आमेन’ एकाच सेमिटिक धातूचे आहेत. पक्के, भरवशाचे असणे हा त्या धातूचा अर्थ.