मिरजेत आईचं ऑपरेशन आहे, आठ-दहा दिवस राहायचंय. बाहेर जेवायला चांगलं कुठे मिळेल?

तुम्ही रत्नागिरीहून आईंना घेऊन येणार, भाऊ मधेच पुण्याहून येणार, आणि ज्याला विचारावं तो तांबड्या-पांढऱ्या रश्शाचं एखादं मोठं हॉटेल सुचवतोय, असं तुम्ही लिहिलंय. तशी थाळी एखाद्या दिवशी जरूर खा. पण रोज दवाखान्यात बसणाऱ्या माणसाला ते जेवण झेपत नाही. तुम्हाला रोजचं, पोटाला त्रास न देणारं आणि वेळेवर मिळणारं अन्न हवंय. ते सांगली-मिरजेत भरपूर आहे.

मी विश्रामबागेत राहतो, म्हणजे दोन्ही गावांच्या मधोमध. वडिलांच्या आजारपणात दोन्हीकडच्या खानावळी पालथ्या घातल्या. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: इकडे पोटभर जेवायचं ते दुपारी, आणि खानावळीत. दुपारचा स्वयंपाक रोज येणाऱ्यांसाठी केलेला असतो. दुकानातली पोरं, दवाखान्यातले वॉर्डबॉय, पेठेतले हमाल रोज त्याच पंगतीला बसतात. भाजी शिळी निघाली तर दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या दारात जातात, म्हणून खानावळवाल्याला हयगय परवडत नाही. रात्री मोठ्या हॉटेलांत जे पनीर आणि ग्रेव्ही मिळते ती कोणत्याही शहरात तशीच मिळते, आणि रात्री उशिरा ती खाऊन पुन्हा पेशंटजवळ जाऊन बसणं जड जातं.

मिरजेची एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं. तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं झालं. कोकणातून, सोलापूरकडून, बेळगाव-विजापूरकडून पेशंट येतात आणि त्यांच्यामागे नातेवाईक येतात. त्यामुळे दवाखान्यांच्या आसपासच्या खानावळींना पेशंटचं जेवण नवं नाही. मराठीइतकंच कानडीही तिथे चालतं. 'बिनतिखटाचं द्या', 'मऊ भात द्या', 'वरणाला फोडणी नको' असं सांगितलं तर कोणी तोंड वाकडं करत नाही. बऱ्याच ठिकाणाहून डबाही मिळतो. कोणाचा डबा चांगला, हे गावातल्या हौशी खवय्यांना विचारू नका. वॉर्डातल्या मावशींना आणि रात्रपाळीच्या सिस्टरना विचारा. कोणाचा डबा पेशंट संपवतात आणि कोणाचा तसाच परत जातो, हे त्या रोज बघतात. मला आमचा डबेवाला एका मावशींनीच सांगितला, आणि वडील घरी येईपर्यंत तो बदलावा लागला नाही. आईंनी काय खायचं ते मात्र डॉक्टर सांगतील तसंच. डबा ठरवताना तेवढं लिहून द्या.

खानावळ तुम्ही स्वतः शोधणार असाल तर आधी कान द्या. आत भाकरी थापल्याचा आवाज येत असेल तर बिनधास्त बसा. हातावरची ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात आली पाहिजे; डब्यात रचून ठेवलेली तासाभरात चिवट होते. दीड-दोनच्या सुमाराला 'भाजी संपली, आमटी-भात आहे' असं ऐकू आलं तर दुसऱ्या दिवशी त्याच खानावळीत साडेबाराला जा. तुम्ही भात खाणारी माणसं, तेव्हा पहिल्याच दिवशी दोन-तीन भाकऱ्यांच्या फंदात पडू नका. एक भाकरी, मग आमटी-भात, वर ताक. शेंगदाण्याची चटणी न मागता येईल, मिरचीचा खर्डा मागावा लागेल. खर्डा जपून खा, तो तुमच्या सवयीपेक्षा बराच तिखट असेल.

हिवाळ्यात येणार असाल तर भरलं वांगं किंवा भरीत ज्या दिवशी असेल तो दिवस चुकवू नका. कृष्णाकाठची वांगी कमी बियांची, पातळ सालीची असतात आणि शिजली की लोण्यासारखी मऊ होतात. गाळाच्या जमिनीत आणि थंडीत आलेल्या वांग्याची चव उन्हाळ्यातल्या वांग्याला येत नाही. एप्रिल-मेमध्ये कोणी 'कृष्णाकाठचं वांगं' म्हणून आग्रह केला तर मी सरळ आमटीच घेतो.

मटणाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तुम्ही ते मुद्दाम विचारलंय. इकडे मटणाचे वार रविवार, बुधवार आणि शुक्रवार. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी बरीच घरं शाकाहारी असतात, खप कमी असतो, म्हणून त्या दिवशी मटण खाणं मी टाळतो. श्रावणात तर अनेक मटण खानावळी बंदच असतात. वार बघून दुपारी जा आणि थाळीआधी अळणी मागा. अळणी म्हणजे हळद-मीठ घालून शिजवलेल्या मटणाचं पाणी. याच पाण्यावर पुढे तांबडा आणि पांढरा दोन्ही होतात. अळणी चांगलं असेल तर बाकीचं सगळं चांगलं असतं. अळणी पाणचट लागलं तर वर कितीही तिखट घातलं तरी भागत नाही. आमच्याकडे लहान मुलांना आणि आजारातून उठलेल्यांना अळणी-भात देतात. डॉक्टर हो म्हणाले तर आईंसाठीही तो न्या. समुद्राचे मासे मात्र इथे खाऊ नका. ज्यांच्या दारात ताजी मासळी येते त्यांनी बर्फातला बांगडा खायला मिरजेत कशाला यावं?

सकाळी लवकर दवाखान्यात पोचायचं असेल तर लोणी डोसा बरा. जाडसर, मऊ, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा, सोबत बटाट्याची साधी भाजी. कटवडा भावाला खाऊ द्या. गरम वड्यावर मिसळीचा कट ओततात आणि बरोबर पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस देतात. चव उत्तम, पण सलग दोन दिवस नको.

भाऊ पुण्याहून गाडीने आले तर हायवे पेठ नाक्याला सोडून इस्लामपूर (आता ईश्वरपूर), आष्टा करत येतील. त्या पट्ट्यात त्यांना अख्खा मसूर खायला सांगा. हा ढाब्यावरचा पदार्थ आहे. मसूर भिजवून असा शिजवतात की दाणा बोटाने चेपतो पण फुटत नाही. त्यावर कांदा, लसूण, लाल तिखटाची झणझणीत तर्री. तंदुरी रोटी, कच्चा कांदा, लिंबू, बास. माझ्या मते सांगली जिल्ह्याने महाराष्ट्राला दिलेला सगळ्यात चांगला शाकाहारी पदार्थ हाच. पनीर न घालता शाकाहारी जेवण इतकं भरदार होऊ शकतं, हे तिथे जेवल्यावर कळतं.

संध्याकाळी दोन तास मोकळे मिळाले तर खोलीत बसून राहू नका. मिरजेहून वडाप (शेअर गाडी) किंवा सिटी बसने सांगलीत या. गणपती मंदिर बघा, कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर थोडं चाला, आणि मग गाड्यावर भडंग खा. तुमच्या येण्याच्या रस्त्यावर जयसिंगपूर लागेल, तिथलं भडंगही नावाजलेलं आहे. सांगलीत गोरे बंधूंचं प्रसिद्ध. टपोरे चुरमुरे, भरपूर लसूण, शेंगदाणे, कढीपत्ता, मसाला. पाकिटातलं तसंच खाल्लं तर निम्मीच मजा. बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू घाला आणि लगेच संपवा, पाच मिनिटांत ते मऊ पडतं. लसणाचा वास दरवळतो, म्हणून वॉर्डात पाकीट उघडू नका.

टाके निघाले, सगळं नीट पार पडलं, की परतीच्या आधी बरीच माणसं नरसोबाच्या वाडीला दर्शनाला जातात. मिरजेहून तासाभराच्या आत पोचता. आईंना प्रवास झेपणार असेल तर जरूर न्या. दर्शन झाल्यावर बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्या. बर्फी आंबटगोड असते. फार गोड न आवडणाऱ्यांनाही चालते. पावसाळ्यात निघायच्या आधी पाण्याची चौकशी करा, कृष्णा-पंचगंगेला पूर आला की देऊळ पाण्यात जातं.

घरी न्यायला पेढ्यांपेक्षा हळद आणि बेदाणा घ्या. सांगलीच्या दोन्ही मालांना भौगोलिक मानांकन आहे, बेदाण्याला 2016 मध्ये मिळालं आणि हळदीला 2018 मध्ये. हळद कुटलेली घेण्यापेक्षा हळकुंडं घ्या आणि रत्नागिरीत दळून आणा. हळकुंड मोडून बघा, आतून गर्द केशरी-पिवळं दिसलं पाहिजे.

ऑपरेशन कोणत्या दवाखान्यात आहे आणि तारीख काय, ते खाली लिहा. त्याच्या जवळपास डबा देणाऱ्या खानावळींत मी स्वतः विचारून ठेवतो. पहिल्या दिवशी धावपळ फार असते, त्या दिवशीचा तुमचा डबा आमच्या घरून येईल.